वरुडची संत्राबाग आणि कॅनडातले पहिले विवरणपत्र

प्रश्न : माझा मुलगा ऑगस्ट २०२५ अखेरपर्यंत नागपूरला नोकरीला होता. पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी, मिळाल्यामुळे १ सप्टेंबर २०२५ रोजी तो, सून आणि पाच वर्षांची नात असे तिघे कॅनडात ओंटारिओ प्रांतात राहायला गेले. तिकडे त्याला लगेच नोकरी लागली. आता त्याला आयुष्यातले पहिले कॅनडाचे रिटर्न कागदावर भरून टपालाने पाठवायचे आहे. आजोबांच्या मृत्युपत्रामुळे चार एकर संत्र्याची बाग सातबाऱ्यावर त्याच्या एकट्याच्या नावे आहे. वहिती मी करतो. नोव्हेंबरात आंबिया बहाराचा सौदा झाला आणि व्यापाऱ्याने रक्कम मुलाच्या वरुडच्या बचत खात्यात भरली. शेतीचे उत्पन्न करमुक्त असते, ते तिकडे लिहायचे कारण नाही, असे त्याचे मित्र म्हणतात. घरच्यांना भीती वाटते, की वावराची माहिती दिली तर तिकडचे सरकार वावराच्या मागे लागेल. मी सातबारा, आठ-अ, फेरफार असे सगळे नोटरी करून पाठवून देऊ का?
— एक शेतकरी, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : चिरंजीवांनी मित्रांचा हा सल्ला मानू नये. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे ते भारताच्या आयकर कायद्यात, आणि कॅनडाचा कायदा त्या सवलतीने बांधलेला नाही. कॅनडा आपल्या रहिवाशाच्या जगभरातल्या उत्पन्नावर कर आकारतो. मग ते टोरांटोतल्या पगाराचे असो, वरुडच्या संत्र्याचे असो, की बँकेतल्या मुदत ठेवीच्या व्याजाचे असो. मात्र ही आकारणी माणूस तिथला रहिवासी झाल्या दिवसापासून सुरू होते, त्याआधीच्या उत्पन्नाला ती लागू नाही. म्हणून आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे १ सप्टेंबर २०२५ ही तारीख होय, आणि पुढचे जवळजवळ प्रत्येक उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे.

करापुरता रहिवास हा पीआरच्या कार्डावरून ठरत नाही. राहते घर, जोडीदार आणि मुले कोणत्या दिवसापासून तिथे आहेत, यावरून तो ठरतो. पुष्कळ जण आधी आठ-पंधरा दिवस जाऊन पीआरचे सोपस्कार उरकतात, परत येऊन इथली नोकरी, घर, लग्नकार्ये आवरतात आणि मग वर्षभराने कुटुंबासह कायमचे जातात. अशांनी पहिल्या फेरीची तारीख लिहिली तर नसता घोळ होतो. आपले चिरंजीव सहकुटुंब एकाच दिवशी गेले, त्यामुळे त्यांच्या बाबतीत संशयाला जागा नाही. टी-१ या मुख्य विवरणपत्राच्या पहिल्याच पानावर, त्या वर्षात नव्याने रहिवासी झालेल्यांसाठी प्रवेशाच्या तारखेचा छोटा रकाना असतो. नवागतांकडून हमखास रिकामा राहतो तो हाच. तो रिकामा राहिला, तर बारा महिने तिथेच राहिलेल्या माणसाचे विवरणपत्र म्हणून ते वाचले जाण्याचा धोका असतो.

या तारखेमुळे जानेवारी ते ऑगस्टचा नागपूरचा पगार कॅनडात करपात्र ठरत नाही. परंतु त्याचा आकडा जवळ हवा, कारण मूलभूत वैयक्तिक सवलत, म्हणजे जितक्या उत्पन्नावर कर लागत नाही ती रक्कम, पूर्ण मिळणार की दिवसांच्या प्रमाणात, हे त्यावरून ठरते. २०२५ साठी ही केंद्रीय सवलत बहुतेकांना १६,१२९ डॉलर आहे. रहिवासी होण्यापूर्वीच्या काळातले उत्पन्न ९० टक्के किंवा त्याहून अधिक कॅनडातलेच असेल, किंवा त्या काळात कुठेच काही उत्पन्न नसेल, तरच ती पूर्ण मिळते. चिरंजीवांचे त्या काळातले उत्पन्न नागपूरचे, म्हणून १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या १२२ दिवसांपुरती, म्हणजे सुमारे ५,३९१ डॉलर इतकीच सवलत त्यांनी लिहावी. पूर्ण रक्कम लिहिली, की परतावा मोठा दिसतो, आणि काही महिन्यांनी खुलासा मागणारे पत्र येते.

आता बागेकडे वळतो. नोव्हेंबरातला सौदा १ सप्टेंबरनंतरचा आहे. जमीन मुलाच्या नावे आणि रक्कमही मुलाच्याच खात्यात, असे असताना ते उत्पन्न मुलाचे नाही हे पटवणे अवघड आहे. वहिती आपण करता, फवारणीचा, मजुरीचा, ओलिताचा खर्च आपण उचलता आणि पीक बुडाले तर तोटाही आपलाच होतो, अशी खरोखर परिस्थिती असेल तर शेती-व्यवसाय आपला आहे असे म्हणता येईल. पण मग पैसाही आपल्याच खात्यात यायला हवा होता. ज्याच्या खात्यात पैसा, त्याला हिशेब द्यावा लागतो. म्हणून २०२५ पुरते हे उत्पन्न चिरंजीवांनी दाखवावे, हेच माझे मत आहे. शेतीचा नफा-तोटा टी-२०४२ या फॉर्मवर मांडतात आणि १ सप्टेंबरनंतर केलेला खर्च त्यातून निःशंकपणे वजा करता येतो. तिथले शेतकरी रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवू शकतात, म्हणजे पैसा हातात पडेल तेव्हाचे उत्पन्न धरता येते. तेव्हा व्यापाऱ्याने इसार नोव्हेंबरात दिला असेल आणि उरलेली रक्कम जानेवारीत, तर ती उरलेली रक्कम २०२६ च्या विवरणपत्रात जाईल. त्यासाठी व्यापाऱ्याची पट्टी आणि पासबुकातली नोंद, दोन्ही तारखांसह जपून ठेवावे.

पुढच्या बहारापासून काय करायचे, ते मात्र आताच घरात बसून ठरवावे. बाग आपल्याला मक्त्याने द्यायची असेल तर तसा लेखी करार करावा. मग चिरंजीवांना मिळणारा मक्ता हेच त्यांचे उत्पन्न ठरेल आणि ते टी-७७६ या भाड्याच्या फॉर्मवर जाईल. पीक आपले आणि पैसाही आपला, अशी व्यवस्था ठरली तर बाजार समितीपासून बँकेपर्यंत सगळीकडे आपलेच नाव लागू द्यावे. मागल्या तारखेचा मुद्रांक मिळवून देणारे लोक तालुक्याच्या ठिकाणी असतात, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या वाटेला जाऊ नये. खरी चूक भरून काढता येते. बनावट कागद निस्तरता येत नाही.

भारतात या उत्पन्नावर कर भरलेला नाही, त्यामुळे कॅनडात त्याची वजावट मागण्याचाही प्रश्न येत नाही. दोन्ही देशांतला दुहेरी करनिवारणाचा १९९६ चा करार दोनदा कर बसू नये म्हणून आहे, एकदाही बसू नये म्हणून नव्हे. शेतीसह स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नावर ती मालमत्ता जिथे आहे त्या देशाला कर लावता येईल एवढेच तो म्हणतो, दुसऱ्या देशाने लावू नये असे म्हणत नाही. आपण चिरंजीवांना काही रक्कम भेट म्हणून पाठवली, तर त्यांना त्यावर कर नाही. त्यांनी आपल्याला घरखर्चाला पैसे पाठवले, तर त्यांची त्यांना वजावट नाही.

वावराच्या मागे सरकार लागेल ही घरच्यांची भीती निराधार आहे. जमीन बाळगण्याबद्दल कॅनडा आयकर घेत नाही. उत्पन्न झाले किंवा विक्रीत नफा झाला, तरच कर येतो. उलट, १ सप्टेंबर २०२५ या तारखेचा इथे चिरंजीवांना मोठा फायदा आहे, आणि तो पदरात पाडून घेण्याचे काम आपल्याला गावात बसून करायचे आहे. माणूस कॅनडाचा रहिवासी होतो त्या दिवशी त्याच्याजवळच्या परदेशी मालमत्ता त्याने त्या दिवसाच्या बाजारभावाने घेतल्या, असे तिथला कायदा मानतो. आजोबांच्या काळापासून जमिनीची किंमत जितकी वाढली, तितकी कॅनडाच्या हिशेबातून गळून पडते. उद्या वीस वर्षांनी बाग विकली तर विक्रीची किंमत वजा १ सप्टेंबर २०२५ ची किंमत एवढाच भांडवली नफा, आणि सध्याच्या नियमाप्रमाणे त्याचाही अर्धाच भाग करपात्र. गावाकडची शेतजमीन, म्हणजे नगरपालिका हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची, विकली तर भारतात भांडवली नफ्यावर कर नसतो; त्यामुळे तिकडे भरायच्या करातून वळते करायला इकडचा कर नसेल, हेही लक्षात असू द्यावे.

म्हणून सरकारमान्य मूल्यांककाकडून बागेचे मूल्यांकन करून घ्यावे, आणि अहवालात मूल्य १ सप्टेंबर २०२५ रोजीचे असल्याचे स्पष्ट लिहून घ्यावे. विहीर, ठिबक, झाडांची संख्या व वय, रस्त्यापासूनचे अंतर यांचा उल्लेख असावा. दुय्यम निबंधक कार्यालयातून शेजारच्या गटांच्या त्या सुमाराच्या खरेदीखतांच्या प्रती मिळाल्या तर त्या अहवालाला जोडाव्यात. इथे आपल्याकडची एक सवय आड येते. मुद्रांक शुल्क वाचवायला किंमत कमी दाखवण्यात आपली हयात गेलेली असते आणि रेडीरेकनरचा दर म्हणजेच किंमत असे आपण धरून चालतो. या प्रकरणात कमी किंमत लिहिली तर भविष्यातला नफा फुगतो आणि कर चिरंजीवांनाच भरावा लागतो. फुगवून लिहिणेही नको. खऱ्या गिऱ्हाईकाने त्या दिवशी जे मोजले असते, ते लिहावे. हा अहवाल विवरणपत्रासोबत पाठवायचा नाही, घरात ठेवायचा आहे. पण तो आत्ताच करावा, कारण वीस वर्षांनी आजचा भाव सांगणारा माणूस गावात सापडेलच असे नाही.

परदेशी मालमत्तेची माहिती देणारा टी-११३५ नावाचा वेगळा फॉर्म आहे. मालमत्तेची एकूण किंमत एक लाख कॅनेडियन डॉलरच्या, म्हणजे साधारण साठ-पासष्ट लाख रुपयांच्या वर असेल तर तो लागतो. रहिवासी झाल्याच्या पहिल्या वर्षासाठी तो भरावा लागत नाही. दुसऱ्या वर्षापासून मात्र ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड आणि मक्त्याने दिलेली जमीन या सगळ्यांची बेरीज करून पाहावी. विसरल्यास दिवसाला २५ डॉलर, जास्तीत जास्त २,५०० डॉलर असा दंड आहे, आणि एक पैसा कर निघत नसला तरी तो लागतो.

वरुडचे बचत खाते परदेशी स्थायिक झाल्यावर तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे रुपयांतले खाते, करून घ्यावे. त्यावरचे व्याज कॅनडात दाखवावे लागते, पण त्यावर भारतात कापलेल्या कराची वजावट टी-२२०९ या फॉर्मवर मिळते. बँक खात्यांची माहिती भारत आणि कॅनडा एकमेकांना देतात, तेव्हा हे कोणाला कळणार, असा विचार मनात आणू नये. चिरंजीवांनी एक अडचण आधीच हेरून ठेवावी : कॅनडाचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च. बँकेचे व्याज प्रमाणपत्र मार्चअखेरचे मिळते. त्याऐवजी सप्टेंबर ते डिसेंबर २०२५ चा खातेउतारा काढून त्यातले व्याज बेरजेने घ्यावे. रुपयांचे डॉलर करताना बँक ऑफ कॅनडाचा त्या त्या दिवसाचा दर घ्यावा. वर्षभर थोडे थोडे येणाऱ्या रकमांना वार्षिक सरासरी दर चालतो.

कागद किती आणि कोणते पाठवायचे, हा आपला मूळ प्रश्न. आपल्या कचेऱ्यांत सत्यप्रतींचा गठ्ठा जितका जाड तितके काम पक्के, असा अनुभव असतो. तिथे तसे नाही. पाकिटात भरलेला व सही केलेला टी-१, नोकरीचे टी-४ हे पत्रक, ओंटारिओच्या कराचा ओएन-४२८, घरभाड्यावर मिळणाऱ्या प्रांतिक साहाय्यासाठीचा ओएन-बेन, शेतीचा टी-२०४२, व्याजावर भारतात कापलेल्या कराची वजावट मागायची असेल तर टी-२२०९, आणि एक साधे पत्र एवढेच जावे. त्या पत्रात १ जानेवारी ते ३१ ऑगस्ट या काळातले एकूण निव्वळ उत्पन्न कॅनेडियन डॉलरमध्ये, कॅनडातले वेगळे व बाहेरचे वेगळे, असे लिहावे. चिरंजीवांच्या पत्रात कॅनडातले शून्य येईल. सातबारा, आठ-अ, पट्ट्या यांतले काहीही पाठवू नये. ते करवर्ष संपल्यापासून सहा वर्षे जपून ठेवावेत आणि मागणी आली तरच, प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह द्यावेत. तेव्हा नोटरीचा खर्च आपण सध्या करू नये. घरी प्रती काढून ठेवाव्यात आणि त्यांची छायाचित्रे मुलाला फोनवर पाठवावीत, एवढे पुरे.

सही निळ्या-काळ्या शाईने मुलाने स्वतः करावी. बिनसहीचे विवरणपत्र परत येते, आणि कागदी कामात उशीर होण्याचे ते फार क्षुल्लक व फार वारंवार घडणारे कारण आहे. फॉर्मचा संच ३१ डिसेंबर रोजी राहत असलेल्या प्रांताचा घ्यावा आणि त्यातच दिलेल्या करकेंद्राच्या पत्त्यावर पाकीट पाठवावे. टपालाच्या शिक्क्याची तारीख हीच विवरणपत्र भरल्याची तारीख समजतात, म्हणून पावती मिळेल अशाच टपालाने पाठवावे. नोकरदारांसाठी २०२५ ची मुदत ३० एप्रिल २०२६ आहे. स्वतःचा व्यवसाय, म्हणजे शेतीही, दाखवणाऱ्यांना १५ जूनपर्यंत सवड मिळते. पण कर निघत असेल तर त्याचे व्याज ३० एप्रिलनंतर सुरू होते, त्यामुळे त्या सवडीचा उपयोग फारसा नाही. उशिराचा दंड बाकी कराच्या ५ टक्के, वर प्रत्येक पूर्ण महिन्याला १ टक्का, जास्तीत जास्त १२ महिने.

सूनबाईंना उत्पन्न नसले तरी त्यांनी आपले विवरणपत्र वेगळे भरावे, कारण तिथे नवरा-बायकोचे एकत्र विवरणपत्र नसते. नातीसाठीचा बालभत्ता दोघांच्या उत्पन्नावरून ठरतो. त्याचा अर्ज आरसी-६६ आणि नवागतांसाठीची त्याची पुरवणी, हे विवरणपत्राची वाट न पाहता पोहोचल्याबरोबर पाठवता येत होते. अजून पाठवले नसतील तर आता लगेच पाठवावेत. नात भारतात जन्मलेली असल्याने जन्माचा दाखला लागेल. ग्रामपंचायतीचा जुना दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजीतला नवा काढून पाठवणे, हे आपल्याकडून होण्यासारखे खरे तातडीचे काम आहे.

भारताकडचेही विसरू नये. १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट हे १५३ दिवस होतात, १८२ पेक्षा कमी, म्हणून आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नोकरीनिमित्त देशाबाहेर गेलेले चिरंजीव भारतात अनिवासी ठरतात. नागपूरचा पाच महिन्यांचा पगार इथे करपात्र आहेच. अनिवासींना आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा.

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी कॅनडात आहे, वय २०. तिला पगार नाही. फी आम्ही कर्ज काढून भरली. तिला विवरणपत्र भरावे लागेल का?
— एक आई, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर : कर निघत नसेल तर सक्ती सहसा नसते, पण तिने भरावे. महाविद्यालय टी-२२०२ नावाचे शुल्काचे प्रमाणपत्र देते. त्यावरची रक्कम अनुसूची ११ वर लिहिली, की न वापरलेली सवलत पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवता येते आणि नोकरी लागल्यावर कर त्यातून कमी होतो. ही सवलत आईवडिलांच्या नावे वळवण्याची सोय तिथे कर भरणाऱ्या पालकांसाठी आहे. आपल्याला तिचा उपयोग नाही, तेव्हा ती मुलीच्याच नावे राहू द्यावी. १९ वर्षे पूर्ण झालेल्या रहिवाशाला जीएसटीचे साहाय्यही विवरणपत्र भरल्याशिवाय सुरू राहत नाही.

आपण पाठवलेली फी आणि खर्चाचे पैसे हे तिचे उत्पन्न नव्हे. मात्र जाताना तिथल्या बँकेत जीआयसी, म्हणजे हमीची मुदत ठेव, केले असेल तर त्यावरचे व्याज उत्पन्न आहे. ५० डॉलरपेक्षा कमी व्याजाला बँक टी-५ पत्रक देत नाही आणि मुले ते धरायचे विसरतात. पत्रक नाही आले तरी रक्कम लिहावी लागते.

प्रश्न : माझ्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असून नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हे तिन्ही एकाच रकान्यात छापले आहे. पहिल्या कागदी रिटर्नवर नाव कसे लिहू?
— एक वाचक, ता. चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : सामाजिक विमा क्रमांकाच्या, म्हणजे सिनच्या पत्रावर जसे आहे तसे, अक्षरांत फरक न करता. करखाते नाव, जन्मतारीख आणि क्रमांक यांची जुळणी करते. सिनवरच नाव चुकीचे विभागले गेले असेल, तर आधी सर्व्हिस कॅनडाकडून ते दुरुस्त करून घ्यावे, बँकेतले नावही तसेच करून घ्यावे, आणि मग विवरणपत्र टपालात टाकावे. क्रमांक ९ ने सुरू होणारा, म्हणजे तात्पुरत्या रहिवाशाचा असेल, तर परवान्यासोबत त्याचीही मुदत संपते, आणि पीआर मिळाल्यावर नवा क्रमांक घ्यावा लागतो. तो मिळाल्यावर मालकाला, बँकेला आणि करखात्याला अशा तिन्ही ठिकाणी कळवावा.